रिपोर्टमध्ये पी५३ '३+' आणि केआय-६७ '७०%' लिहिलंय, घाबरायचं का? (गुदाशयाचा कॅन्सर)

उंबरठा | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात असेल तर हलवा.

वडिलांचं (वय ६१) गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. त्याआधी रेडिएशनच्या २८ सीटिंग झाल्या, सोबत केपसायटाबिनच्या (किमोच्या) गोळ्या होत्या. मग नऊ आठवडे थांबलो आणि मग ऑपरेशन. आता घरी आहेत, हळूहळू चालतात. काल पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट हातात आला. सर्जनची वेळ पुढच्या गुरुवारची आहे, तोवर मी आणि हा कागद.

मला जेवढं कळलं ते असं: वायपीटी२ एन० (गाठ आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूपर्यंत, नोड मोकळे). कडा मोकळ्या. १४ लिम्फ नोड तपासले, एकातही कॅन्सर नाही. इथवर बरं वाटलं. त्याखाली 'आयएचसी' असा मथळा आणि ही यादी: पी५३ – ३+, ९०% पेशींमध्ये. केआय-६७ – ७०%. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ – शाबूत. एमएसएच६ – "क्षीण, तुकड्यातुकड्यांत, क्लिनिकल संदर्भात पाहावे".

आकडा दिसला की खणत बसायची मला खोड आहे. रात्रभर पेपर वाचले. एकात पी५३ जास्त म्हणजे रोग परतायची शक्यता जास्त. दुसऱ्यात काहीच संबंध नाही. केआय-६७ बद्दल तर एक म्हणतो जास्त असणं वाईट, दुसरा म्हणतो जास्त असलेलेच बरे राहिले. सगळेच छापून आलेले, सगळ्यांना तपासणारे असतीलच. मग हे सगळे एकाच वेळी खरे कसे?

सायंतारा | सोमवार, रात्री ११:३२

बाबांना लवकर बरं वाटो. आमच्याकडे आईच्या वेळी हेच झालं होतं, मी तर रिपोर्टमधले शब्द वहीत उतरवून पाठ केले होते. वाचतेय.

चकवा | सोमवार, रात्री ११:४०

गुरुवारपर्यंत इंटरनेट बंद ठेवा. हाच सल्ला.

उंबरठा | सोमवार, रात्री ११:४४

@चकवा, ते जमत असतं तर धागा काढला नसता हो.

पॅराफिन | मंगळवार, सकाळी ७:०५

मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे, स्लाइड बघणं हाच माझा रोजचा धंदा. तुमचे वडील माझे पेशंट नाहीत, स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत, तेव्हा हे सर्वसाधारण ज्ञान समजा आणि निर्णय तिथल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

आधी एक प्रश्न, कारण तोच तातडीचा आहे. उपचार सुरू होण्यापूर्वी जी बायोप्सी झाली, तिच्यावर एमएलएच१ वगैरे चार प्रोटीन तपासली होती का? त्या बायोप्सीचा ब्लॉक कुठे आहे? तुम्ही पी५३ ने घाबरलात, पण तुमच्या यादीतली खरी महत्त्वाची ओळ शेवटची आहे. हे शोधून ठेवा, बाकी दुपारी लिहिते.

उंबरठा | मंगळवार, सकाळी ७:२०

बायोप्सी दुसरीकडे झाली होती. तिच्या रिपोर्टमध्ये फक्त 'ॲडिनोकार्सिनोमा, मध्यम प्रतीचा' एवढंच आहे. ब्लॉक त्यांच्याकडेच असावा. शेवटची ओळ महत्त्वाची म्हणजे वाईट?

पॅराफिन | मंगळवार, दुपारी २:५०

नाही, वाईट असं म्हणत नाहीये. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आयएचसी म्हणजे काय ते आधी. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मग मेणात बसवतात. हा झाला ब्लॉक. त्याचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेतात आणि त्यावर एका ठरावीक प्रोटीनलाच चिकटणारी अँटिबॉडी सोडतात. ती जिथे चिकटली तिथे रसायनाने तपकिरी रंग उठतो, बाकीची केंद्रकं निळी दिसतात. मी काय करते? तपकिरी किती गडद आणि किती पेशींत, ते डोळ्यांनी ठरवते. ३+ म्हणजे गडद. ९०% म्हणजे शंभरातल्या नव्वद पेशी. आता फॉर्मॅलिनमध्ये तुकडा किती तास होता, कुठल्या कंपनीची अँटिबॉडी, कुठला क्लोन, काप किती जुना, या प्रत्येकाने तो रंग हलतो. ग्लुकोमीटरवरचा आकडा आणि हा आकडा एका जातीचे नाहीत.

पी५३ चं म्हणाल तर साध्या पेशीत हे प्रोटीन तयार होतं आणि लगेच मोडलंही जातं, म्हणून रंग फिका, इकडेतिकडे शिंपडल्यासारखा. जनुकात एका प्रकारचा बिघाड झाला की निकामी प्रोटीन मोडलं जात नाही, साठत जातं, सगळा भाग गडद तपकिरी. हे तुमचं ३+. पण बिघाड दुसऱ्या प्रकारचा असेल तर प्रोटीन तयारच होत नाही आणि भाग कोरा दिसतो. म्हणजे कोरी स्लाइडसुद्धा बिघडलेलीच! जुन्या कित्येक अभ्यासांत कोऱ्या स्लाइड 'निगेटिव्ह' म्हणून निरोगी पी५३ च्या रांगेत बसवल्या गेल्या. अशी सरमिसळ केल्यावर कुणाला संबंध दिसणार, कुणाला नाही. तुमच्या रात्रभराच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे. शिवाय मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या निम्म्याहून जास्त कॅन्सरमध्ये पी५३ बिघडलेलं असतंच. जे बहुतेकांकडे आहे ते एकाला दुसऱ्यापासून वेगळं काय काढणार?

केआय-६७ हे विभागणाऱ्या पेशींत दिसणारं प्रोटीन. १९८३ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात ती अँटिबॉडी सापडली, नावातलं 'केआय' (इंग्रजीत Ki) तिथलं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये आणि काही ट्यूमरमध्ये त्याला वजन आहे. गुदाशयात ७०% म्हणजे 'नेहमीसारखं'. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुळातच भराभर विभागणाऱ्या असतात.

भविष्याबद्दल खरं बोलणाऱ्या ओळी तुम्ही सुरुवातीलाच वाचल्यात आणि पुढे निघून गेलात. गाठ भिंतीत किती खोल, नोड मोकळे की नाही, कडेपासून किती अंतर. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या कथबर्ट ड्यूक्सने १९३२ मध्ये खोली आणि नोड यांवरून वर्गवारी मांडली, ती मुळात गुदाशयाच्याच कॅन्सरची होती. १९८६ मध्ये क्वर्क आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑपरेशनने काढलेल्या भागाच्या बाजूच्या कडेला कॅन्सर पोहोचला असेल तर तो बहुतेकदा तिथेच पुन्हा उगवतो. आजही कडेपासूनचं अंतर १ मिमी किंवा कमी असेल तर आम्ही ती कड 'बाधित' लिहितो. तुमच्या वडिलांचे नोड मोकळे, कडा मोकळ्या. 'वाय' हे अक्षर सांगतं की हे सगळं रेडिएशननंतरचं मोजमाप आहे. ही ओळ मला आवडली.

एमएसएच६ बद्दल रात्री.

सहाशेमायक्रॉन | मंगळवार, दुपारी ४:१५

पॅराफिनताई, एवढं सरसकट नका ना मोडीत काढू. मी पॅथॉलॉजीची पीजी आहे आणि माझा थीसिस नेमका गुदाशयाच्या कॅन्सरमधल्या प्रोटीन एक्स्प्रेशनवरच आहे. ८० केसेस, अनेक गाठींचे बारीक गाभे एकत्र बसवलेली टिश्यू मायक्रोअ‍ॅरे, सहा मार्कर, म्हणजे सहा प्रोटीन. (आयडीचं रहस्य: मायक्रोअ‍ॅरेचा गाभा ०.६ मिमीचा असतो.) पाच मार्करमध्ये काही नाही, पण एकात सर्व्हायव्हलच्या रेघा (किती रुग्ण किती काळ टिकले त्याचा आलेख) स्पष्ट फाकतात. पी व्हॅल्यू (संबंध नसतानाही योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता) ०.०३. दोन रुग्णांची स्टेज सारखी असूनही एकाचा रोग परततो आणि दुसऱ्याचा नाही. गाठीच्या आत काहीतरी वेगळं असणारच ना? तेच तर शोधतोय आम्ही.

चकवा | मंगळवार, दुपारी ४:३०

धागा रंगात येणार. जागा धरून बसलोय.

कोष्टक | मंगळवार, सायंकाळी ६:४०

मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकवत निवृत्त झालो, अनेक थीसिसचे तक्ते नजरेखालून गेलेत. सहाशेमायक्रॉन, तुझा प्रश्न अगदी योग्य आहे. पण दोन गोष्टी विचारतो, राग मानू नकोस. 'जास्त' आणि 'कमी' यांच्यामधली सीमा कुठे आखलीस? आणि ती कधी आखलीस?

सहाशेमायक्रॉन | मंगळवार, सायंकाळी ७:०२

एच-स्कोअर काढला, ० ते ३०० चा. उदाहरणार्थ २०% पेशी फिक्या, ३०% मध्यम, ४०% गडद असतील तर २० + ६० + १२० = २००. सीमा १४० ला. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात चांगली फाकणारी सीमा शोधायची सोय आहे, त्यातून आली.

कोष्टक | मंगळवार, रात्री ८:२५

इथेच गोम आहे बाळ.

समजा एका गावात भविष्य सांगणारा आहे. तो म्हणतो, "मी शंभर प्रकारे भाकीत करतो आणि निकाल लागल्यावर त्यातलं जुळलेलं तुम्हाला दाखवतो." त्याला आपण काय म्हणू? सॉफ्टवेअर हेच करतं. ८०, ९०, १००, ११०... प्रत्येक सीमेवर रेघा काढतं, जिथे त्या सर्वांत जास्त फाकतात ती तुझ्या हातात देतं आणि त्या एकाच तपासणीची पी व्हॅल्यू छापतं. बाकीच्या वीस-तीस प्रयत्नांचा हिशेब त्यात नाही. डग्लस ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं की अशा 'सर्वोत्तम' सीमेने खोट्या निकालाची शक्यता कागदावरच्या ५% पेक्षा कित्येक पटींनी वाढते.

दुसरं, सहा मार्कर. एकाही मार्करचा काडीचा संबंध नसला तरी सहातल्या किमान एकात ०.०५ च्या खालची पी व्हॅल्यू निघायची शक्यता २६% च्या आसपास. वीस मार्कर घेतले तर ६४%. कॅलक्युलेटर घे आणि ०.९५ चा विसावा घात करून बघ. आता कल्पना कर, जगभरात असे शेकडो थीसिस. ज्यांच्या रेघा फाकल्या ते पेपर झाले, ज्यांच्या फाकल्या नाहीत ते कपाटात. उंबरठाताईंनी रात्रभर वाचले ते कपाटाबाहेर आलेले.

तिसरं विचारतो. ८० पैकी मृत्यू किंवा रोग परतणं किती?

सहाशेमायक्रॉन | मंगळवार, रात्री ८:४०

१९. :(

कोष्टक | मंगळवार, रात्री ८:५८

मग तुझा खरा नमुना १९ चा आहे, ८० चा नव्हे. ढोबळ नियम असा की मॉडेलमध्ये एक घटक टाकायला निदान दहा घटना हव्यात. तू स्टेज, वय, कडा, नोड आणि वर तुझं प्रोटीन, असे पाच टाकले असशील. हॅझार्ड रेशो (धोका किती पट, तो आकडा) आणि त्याची मर्यादा सांगू का न बघता? दोनच्या आसपास असेल आणि पट्टा एकाला (म्हणजे 'फरक नाही'ला) चिकटून निघून चार-पाचपर्यंत गेला असेल.

सहाशेमायक्रॉन | मंगळवार, रात्री ९:०४

२.३, १.०४ ते ४.९. काका तुम्ही माझा लॅपटॉप हॅक केलाय का?

चकवा | मंगळवार, रात्री ९:०६

=))

पॅराफिन | मंगळवार, रात्री १०:१५

कोष्टककाकांना +१००. सहाशेमायक्रॉन, त्यात माझी एक भर. ८० नमुने कुठले? ऑपरेशनचे ना? आणि त्यातल्या बहुतेकांना आधी रेडिएशन झालेलं असेल?

सहाशेमायक्रॉन | मंगळवार, रात्री १०:२२

हो, जवळजवळ सगळ्यांना. ऑपरेशनच्या नमुन्यात टिश्यू भरपूर मिळतो, बायोप्सी म्हणजे कणभर.

पॅराफिन | मंगळवार, रात्री १०:५०

आता बघ. रेडिएशन आणि गोळ्यांनंतर शंभरातल्या पंधरा-वीस जणांच्या नमुन्यात कॅन्सरची एकही पेशी उरत नाही. त्यांचं सर्वांत छान चाललेलं असतं. ते तुझ्या ८० मध्ये आहेत का? नाहीत, कारण रंगवायला पेशीच नाही. थोड्याशा उरलेल्यांचे गाभे घेताना निसटले असतील, म्हणजे तेही गेले. उरले ते रेडिएशनला दाद न देणारे. परीक्षेत नापास झालेल्यांच्याच वह्या तपासून तू 'अक्षराचा निकालाशी संबंध' शोधते आहेस.

शिवाय जी पेशी उरली ती मूळची पेशीच राहिलेली नाही. ५० ग्रे इतकं रेडिएशन सोसून ती तगली आहे. केआय-६७ खाली जातं, बाकीही प्रोटीन वरखाली होतात. तू गाठीचा स्वभाव मोजतेयस की तिच्यावर झालेल्या माराच्या खुणा?

आणखी एक घोळ आहे जो पेपर चाळताना लक्षात येत नाही. २००४ मध्ये जर्मन चाचणीचा निकाल आला. रेडिएशन ऑपरेशनच्या आधी दिलं तर पाच वर्षांत त्याच जागी रोग परतण्याचं प्रमाण ६%, नंतर दिलं तर १३%. त्यानंतर 'आधी रेडिएशन' हीच पद्धत पसरत गेली. म्हणजे जुने प्रोटीन-अभ्यास न शेकलेल्या गाठींवरचे आणि अलीकडचे बरेचसे शेकलेल्या गाठींवरचे. दोघांची शीर्षकं एकसारखी! त्यात कोलन आणि रेक्टम एकत्र टाकून केलेले अभ्यास वेगळेच. कोलनला सहसा रेडिएशन नसतं.

मग सगळं बायोप्सीवरच करावं का? करावं, पण तिथेही मेख आहे. बायोप्सी गाठीच्या पृष्ठभागावरची असते. गाठ जिथे आत घुसते त्या आघाडीवरच्या पेशी वेगळ्या वागतात, आणि त्या चिमट्यात येतच नाहीत.

उंबरठा | मंगळवार, रात्री ११:१५

थांबा थांबा. मला अर्धं कळलं आणि अर्ध्याने झोप उडाली. 'शेकलेल्या गाठीतली प्रोटीन बदलतात' म्हणालात. मग आमची शेवटची ओळ, एमएसएच६, तीही शेकलेल्याच गाठीतली आहे ना?

पॅराफिन | मंगळवार, रात्री ११:३१

तुम्हाला पॅथॉलॉजीत घ्यायला हवं. बरोबर तिथेच येत होते.

एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही चार प्रोटीन म्हणजे डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी टोळी. इथे नियम उलटा आहे: रंग असणं चांगलं, नसणं म्हणजे बिघाड. ती जोड्यांनी राहतात. एमएलएच१ गेलं की त्याच्या आधाराने टिकणारं पीएमएस२ जातं, एमएसएच२ गेलं की एमएसएच६ जातं. एकटं एमएसएच६ गेलं असेल तर बोट त्याच्याच जनुकाकडे. असा दोष आनुवंशिक असेल तर त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात आणि प्रत्येक मुलाकडे तो जायची शक्यता ५०%. म्हणून ती ओळ तुमच्यासाठीसुद्धा महत्त्वाची.

पण एमएसएच६ ची एक खोड सगळ्या पॅथॉलॉजिस्टना माहीत आहे, निदान असायला हवी: रेडिएशन-किमोनंतर ते फिकं पडतं. कधी तुकड्यातुकड्यांत, कधी केंद्रकातल्या बारीक ठिपक्यांपुरतं उरतं. जनुक ठणठणीत असतानाही. तुमच्या रिपोर्टमधली शब्दरचना मला तशीच वाटते, लिहिणाऱ्यानेही म्हणूनच हात राखून लिहिलंय. खरं उत्तर बायोप्सीच्या ब्लॉकमध्ये आहे. लेखी अर्ज द्या, ब्लॉक किंवा कोऱ्या स्लाइड मागा. पेशंटच्या नातेवाइकांनी मागितल्यावर हे देतात, संकोच करू नका. आणि बायोप्सीच्याच वेळी ही चार प्रोटीन तपासायला हवी होती, हे माझं मत मी कुणापुढेही मांडेन.

सायंतारा | बुधवार, सकाळी ९:१२

माझी शंका बाळबोध असेल. आईचं दर तीन महिन्यांनी रक्तातलं सीईए तपासतात. तेही प्रोटीनच ना? ते चालतं आणि हे चालत नाही, असं का?

पॅराफिन | बुधवार, दुपारी १:४०

बाळबोध अजिबात नाही. सीईए हे साखरेचे धागे लागलेलं प्रोटीन, १९६५ मध्ये माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी शोधलं. उपचाराआधी ते जास्त असेल तर पुढचा धोका थोडा जास्त, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. त्याचा खरा उपयोग पाळत ठेवायला: त्याच माणसाचा आजचा आकडा त्याच्याच मागच्या आकड्याशी ताडून पाहतो. रक्त यंत्रात जातं, माझ्या डोळ्यांची त्यात लुडबुड नाही. तरी सिगारेट ओढणाऱ्यांत ते थोडं चढं असतं आणि काही गाठी ते बनवतच नाहीत.

चकवा | बुधवार, दुपारी २:१०

म्हणजे एवढ्या वर्षांत टिश्यूवरचं एकही प्रोटीन कामाचं निघालं नाही? मग करतात कशाला?

पॅराफिन | बुधवार, रात्री ९:३०

निघालं ना, वरची चार. त्यांची बातमी सांगते. ती टोळी निकामी असलेले गुदाशयाचे कॅन्सर थोडे, १०% पेक्षा कमी. पण २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून अशा १२ रुग्णांचा अभ्यास आला. डोस्टार्लिमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं औषध सहा महिने दिलं आणि बाराच्या बारा जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली. रेडिएशन नाही, ऑपरेशन नाही. २०२५ मध्ये त्याच गटाने पुढचे आकडे दिले: उपचार पूर्ण केलेले ४९, आणि ४९ जणांत तेच. माझ्या अख्ख्या नोकरीत असं वाक्य मी कुठल्याच कॅन्सरबद्दल लिहिलेलं नाही.

यात एक बारकावा आहे. हे प्रोटीन 'तुमचं कसं होईल' एवढंच सांगत नाही, 'कुठलं औषध द्यायचं' ते सांगतं. पहिल्याला प्रोग्नॉस्टिक म्हणतात, दुसऱ्याला प्रेडिक्टिव्ह. नुसता प्रोग्नॉस्टिक मार्कर अगदी खरा निघाला तरी डॉक्टर त्याचं करणार काय, हा प्रश्न उरतोच.

आणि दुसऱ्या जातीतही फसगत होते. २००४ मध्ये सेटक्सिमॅब हे औषध पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजूर झालं, अट अशी की गाठीत ईजीएफआर प्रोटीन दिसलं पाहिजे. तर्क सरळ होता, औषध त्याच प्रोटीनला जाऊन चिकटतं. आम्ही इमानेइतबारे स्लाइड रंगवत बसलो. पुढे दिसलं की ईजीएफआर न दिसणाऱ्या गाठीही दाद देतात आणि गडद तपकिरी गाठी ढिम्म राहतात. २००८ च्या सुमाराला कळलं की खरा दरवाजा केआरएएस जनुकाचा आहे. ते बिघडलं असेल तर औषधाचा उपयोग नाही. रंगाचा संबंधच नव्हता.

मला स्वतःला कशावर पैज लावायची झाली तर गाठीच्या पेशींतल्या प्रोटीनवर नाही लावणार. गाठीत शिरलेल्या टी-पेशींवर, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींवर लावीन. त्यांच्यावरची सीडी३ आणि सीडी८ ही प्रोटीन रंगवून त्या मोजतात. २००६ मध्ये पॅरिसच्या गॅलाँ यांच्या गटाने ते मांडलं, २०१८ मध्ये अनेक देशांच्या नमुन्यांवर कोलनसाठी ते पडताळलं गेलं. मोजणी यंत्र करतं, सीमा आधी ठरलेल्या. गुदाशयाच्या बायोप्सीवरही काम चालू आहे. पण हा माझा कल झाला, कुणी यावरून रिपोर्ट मागायला जाऊ नका.

कोष्टक | बुधवार, रात्री १०:०५

"सीमा आधी ठरलेल्या" हे ताईंनी जाताजाता लिहिलं, मी त्याखाली दोनदा रेघ मारतो. सहाशेमायक्रॉन, २००५ मध्ये असे अभ्यास कसे लिहावेत यासाठी 'रिमार्क' नावाची वीस मुद्द्यांची यादी निघाली. ती शोध. थीसिस फेकून देऊ नकोस. "सहा मार्कर पाहिले, पाचांत काही नाही, एकात इशारा आहे, पडताळणी बाकी" असं लिही. पाच 'काही नाही' तू छापलेस तर कपाटातली पाच पानं बाहेर आली.

सहाशेमायक्रॉन | बुधवार, रात्री १०:४८

गाईडना हे पटवायचं म्हणजे वेगळाच थीसिस लागेल. पण प्रयत्न करते. माझ्याकडे आणि दुसऱ्या निरीक्षकाकडे स्कोअर किती जुळले तेही टाकते. (फारसे नाही जुळले. ही कबुली इथेच राहू दे.)

उंबरठा | शुक्रवार, दुपारी १२:३०

अपडेट. काल सर्जनना भेटलो. नोड आणि कडांवर ते बराच वेळ बोलले, पुढच्या किमोचं ठरवतायत. पी५३ ची ओळ त्यांनी वाचली की नाही तेही कळलं नाही. मी धीर करून एमएसएच६ आणि बायोप्सीचा ब्लॉक काढला तर म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, एका ताईंनी. हसले आणि चिठ्ठी लिहून दिली. ब्लॉक मिळवायला तीन खेटे घातले, पहिल्यांदा "सापडत नाही" म्हणाले, मग सापडला. तपासणीला दिलाय.

माझा धाकटा भाऊ विचारतोय त्याला कोलोनोस्कोपी करावी लागेल का. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.

पॅराफिन | शुक्रवार, दुपारी ३:१५

रिपोर्ट येऊ द्या, मग एकदाच बोला त्याच्याशी. स्लाइड वाचणाऱ्याला सांगा की शेजारच्या निरोगी पेशी आणि लिम्फोसाइट रंगले आहेत का तेही लिहावं. ते रंगलेच नसतील तर गाठ कोरी दिसण्याला अर्थ नाही.

चकवा | रविवार, सकाळी ८:००

रिपोर्ट आला का?

सायंतारा | मंगळवार, रात्री ९:२०

मीपण रोज येऊन बघून जाते.

उंबरठा | गुरुवार, सायंकाळी ५:०५

आला. बायोप्सीत चारही प्रोटीन शाबूत. एमएसएच६ – "९०% हून अधिक गाठपेशींच्या केंद्रकांत ठळक, अंतर्गत नियंत्रण योग्य". खाली टीप: ऑपरेशनच्या नमुन्यातील क्षीणता उपचारांमुळे असावी.

भावाला आत्ताच फोन केला. सगळं ऐकून म्हणाला, मग तू दोन आठवडे माझ्याशी इतकं गोड का बोलत होतीस.

चकवा | गुरुवार, सायंकाळी ५:११

=)) पार्टी!

पॅराफिन | गुरुवार, रात्री ८:४०

छान. दोन्ही रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवा. नाहीतर पाच वर्षांनी कुणीतरी फक्त ऑपरेशनचा वाचेल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. घराण्यात आणखी कुणाला कमी वयात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेवढं डॉक्टरांना सांगा, स्लाइड शाबूत असली तरी.

सहाशेमायक्रॉन | गुरुवार, रात्री ११:३०

अभिनंदन उंबरठाताई! माझंही एक अपडेट. हा धागा वाचून माझ्या ८० जणांच्या मूळ बायोप्सी शोधायला लागले. ५२ चे ब्लॉक सापडले, उरलेल्यांच्या बाहेर झाल्या होत्या. ५२ मध्ये घटना ११. काका, आता काय करू?

कोष्टक | शुक्रवार, सकाळी ६:१०

स्लाइड रंगवायच्या आधी सीमा एका कागदावर लिही, तारीख घाल, गाईडची सही घे.